खिळ्यावरचा टायर

मास्तरांना माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत, टायर राहत. एखादं गिऱ्हाईक तीन वर्षांनी दुकानात आलं तरी ते त्याच्या तोंडाकडे बघत नसत. उकिडवे बसून मागच्या चाकावर अंगठा फिरवत आणि खालूनच म्हणत, "अच्छा, तुम्ही होय! अजून सरळच चालवता वाटतं?"

"सरळ चालवणं" ही मास्तरांच्या तोंडची सगळ्यात मोठी शिवी. मोटरसायकलचा टायर गोल असतो, मधे उंच, दोन्ही कडांना उतरता. जो वळणात गाडी झोपवतो त्याचा टायर कडेपर्यंत सारखा झिजतो. जो घाबरतो तो वळणाच्या आधीच ब्रेक दाबतो, गाडी खांबासारखी उभी ठेवतो आणि हँडल ओढत ओढत कसंबसं वळण काढतो. त्याचा टायर मधेच झिजून चपटा होतो. मधे चार बोटं गोटा, आणि कडेची नक्षी कोरी करकरीत, कारखान्यातून येताना असलेले रबराचे बारीक केससुद्धा जागच्या जागी. असा टायर दिसला की मास्तरांचा दिवस चांगला जायचा.

दुकान घाटाच्या पायथ्याशी होतं. चौदा वळणं, वर एक गाव, खाली मोठं इस्पितळ. सुट्टीच्या दिवशी हौशी लोक घाटात गाड्या फिरवायला यायचे, आणि आल्यावर मास्तरांच्या तावडीत सापडायचे. तोंडावर सगळे त्यांना मास्तर म्हणत, कारण ते टायर पेपरासारखे तपासत. पाठीमागे खडूस म्हणत, कारण ते कोणालाच पास करत नसत. कोणाला म्हणत, "डावीकडे वळता, उजवीकडे देवाचं नाव घेता." कोणाला म्हणत, "हवा कमी, ऐट जास्त." एका निवृत्त हेडक्लार्कला त्यांनी चारचौघांत सांगितलं होतं, "साहेब, या टायरवरून पोळी लाटता येईल, इतका सपाट केलाय." हेडक्लार्क हसला. त्याला बिचाऱ्याला हवा भरायची होती, दुसरं करणार काय?

एकदा विमा कचेरीतला एक बाबू नव्याकोऱ्या जाकिटात आला. "जरा हवा बघा," म्हणाला, पण हवेसाठी तो आलाच नव्हता. त्याच्या टायरच्या दोन्ही कडा खरखरीत झिजलेल्या होत्या आणि मास्तरांच्या नजरेला पडाव्यात म्हणून त्याने गाडी मुद्दाम पाठमोरी, उजेडात लावली होती.

मास्तरांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. "कुठे झिजवलात?"

"घाटात. दर रविवारी जातो ना."

"घाटात की न्हाणीघरात?"

बाबूचा चेहरा उतरला.

"रस्ता टायरला एकाच दिशेने खातो, साहेब. पॉलिश पेपरने घासलं की ओरखडे दोन्हीकडे जातात आणि भुकटी खाचेत बसते. ही बघा भुकटी. निदान धुऊन तरी आणायचा!" मास्तरांनी भुकटी बोटावर घेऊन दुकानातल्या प्रत्येकाला दाखवली. मग नवा टायर घालायला लावला, आणि वर नेहमीचं प्रवचन ऐकवलं. "नवा टायर म्हणजे साबणाची वडी. वरचं तुकतुकीत साल निघेपर्यंत, पहिले शंभर किलोमीटर, वळणात झोपवायचा विचारसुद्धा करायचा नाही. घसरलात तर माझ्याकडे येऊ नका, इस्पितळात जा. अर्थात तुम्हाला काय भीती? तुम्ही सरळच चालवणार!"

बाबू गेला. गिऱ्हाइकं हसली. मास्तरांनी हात पुसले आणि सवयीने समोरच्या भिंतीकडे बघितलं.

त्या भिंतीवर एका जाड खिळ्याला एक जुना टायर लटकत होता. एकोणीस वर्षं. या कडेपासून त्या कडेपर्यंत एकसारखा झिजलेला, कुठे चपटा नाही, कुठे खड्डा नाही, डावी-उजवी बाजू तराजूत घालून तोलावी अशी सारखी. मास्तर तो दर पंधरवड्याला ओल्या फडक्याने पुसत. हौशी लोक त्याच्यापुढे उभे राहून मान हलवत. "मास्तर, काय चालवत असाल हो तुम्ही तरुणपणी!" मास्तर फक्त हवेच्या नळीचं तोंड साफ करत.

खरी गोष्ट सांगून टाकलेली बरी. तो टायर मास्तरांचा नव्हताच. इस्पितळाचे नमुने नेणारा एक माणूस होता, सगळे त्याला पेटीवाले म्हणत. वरच्या गावातल्या दवाखान्यातून रक्ताच्या नळ्या पेटीत घालून तो दिवसातून दोनदा घाट उतरायचा. एकोणीस वर्षांपूर्वी एका दुपारी त्याने घाईघाईत टायर बदलून घेतला आणि जुना तिथेच टाकून निघून गेला. मास्तरांनी तो खिळ्याला लावला. पहिल्यांदा कोणी विचारलं, "तुमचा का?" तेव्हा ते गप्प बसले. गप्प बसणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. पुढे गप्पही बसेनासे झाले. "होते दिवस," असं म्हणू लागले.

मास्तरांची स्वतःची गाडी दुकानाच्या मागे उभी असायची, मागचं चाक भिंतीला टेकवून. ते चाक कोणाला दिसू नये याची त्यांनी इतकी वर्षं जेवढी काळजी घेतली तेवढी बायकोचीही घेतली नसेल. कारण त्या टायरवरून खरोखरच पोळी लाटता आली असती. मास्तरांना वळणाची भीती वाटायची. गाडी जरा कलली की पाय आपोआप खाली टेकायचा. घर ते दुकान, दुकान ते घर, एवढाच त्यांचा रस्ता, आणि तो सरळ होता. पॉलिश पेपर घेऊन बसलेल्या त्या बाबूने निदान स्वतःचा टायर स्वतःच्या हाताने तरी घासला होता. मास्तरांनी तेवढेही कष्ट घेतले नव्हते.

घरात तिघं. थोरली लग्न करून लांब गेली होती. बायको इस्पितळाच्या प्रयोगशाळेत खिडकीवर बसून नमुने उतरवून घ्यायची. आणि धाकटी, सव्वीस वर्षांची, सहा वर्षं बापाच्या दुकानात हवा भरत, पंक्चर काढत होती. सहा वर्षांत तिने लावलेल्या एकाही ठिगळाला मास्तरांनी बरं म्हटलं नव्हतं. "घरचंच आहे म्हणून चालतंय," असं ते गिऱ्हाइकांसमोर म्हणायचे. धाकटी मान खाली घालून ट्यूब घासत राहायची.

त्या वर्षी पेटीवाले निवृत्त व्हायला निघाले आणि त्यांची जागा भरायची ठरली. बायको संध्याकाळी अर्ज घेऊनच घरी आली. धाकटीने तो उभ्याउभ्या भरला. इतक्या घाईने तिने आयुष्यात काही केलं नव्हतं. या दुकानातून बाहेर पडायला दुसरी वाट नाही, हे तिला ठाऊक होतं.

परीक्षा पेटीवाल्यांनीच घ्यायची होती आणि तिची रीत त्यांनी स्वतःच पाडलेली. उमेदवाराने गाडी चालवायची, पेटीवाले मागे बसणार, मांडीवर पेटी, पेटीत एक उघडा पेला, बोटभर कमी भरलेला. वरच्या दवाखान्यापासून घाट उतरायचा आणि पुन्हा चढायचा. पेल्यावर मधोमध एक तांबडी रेघ होती. पाणी त्या रेघेच्या वर राहिलं तर पास. ऐकणाऱ्याला वाटायचं, हे कसं शक्य आहे? पण गाडी आणि माणसं एकत्र झुकली की पेल्यातल्या पाण्याला वळण आल्याचं कळतच नाही. सांडतं ते उभ्या राहणाऱ्याचं.

"बाबा, मला शिकवाल?" धाकटीने विचारलं.

दुकानात चारजण होते. मास्तरांनी चौघांकडे बघितलं. आता नाही म्हणायची सोय नव्हती. "शिकवतो की! त्यात काय एवढं? तीन आठवड्यांत वाघीण करतो." तिच्या गाडीला त्यांनी त्याच दिवशी नवा टायर घातला आणि साबणाच्या वडीचं प्रवचन तिलाही दिलं. धाकटीने पहिले शंभर किलोमीटर पायथ्याच्या सरळ रस्त्यावर, एकही वळण न घेता, इमानेइतबारे पुरे केले. त्यानंतर ती रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी एकटीच घाटात जाऊ लागली.

दुसऱ्या रविवारी मास्तर पेला घेऊन तिच्या मागे बसले.

तोंडाने ते सगळं बरोबर सांगत होते. त्यांनी ते हजारदा ऐकलं होतं. "नजर वळणाच्या पलीकडे. गाडी बघशील तिकडे जाते. ब्रेक आधी, वळणात नाही. गुडघे टाकीला. घाबरू नकोस, टायर धरतो." पण पहिलं वळण आलं, गाडी कलायला लागली, आणि मास्तरांचं अंग त्यांच्या तोंडाचं ऐकेना. एका हाताने त्यांनी मागचा दांडा गच्च पकडला, पाठ ताठ केली आणि सगळा भार उलट्या बाजूला टाकला. मागे बसणाऱ्याने पोतं व्हावं लागतं, ठेवलं तसं राहायचं. मास्तर खुंट झाले. गाडी आत वळायची ती बाहेर निघाली, कठड्याच्या दगडांपासून हातभर अंतरावर कशीबशी थांबली, आणि सगळं पाणी मास्तरांच्या मांडीवर.

"हे काय चालवणं आहे?" मास्तर ओरडले.

"बाबा, गाडी वळतच नव्हती. काहीतरी मागे ओढतंय असं वाटत होतं."

"भीती ओढतेय! दुसरं काय?"

चार वळणं झाली, चार पेले झाले. पाचव्याला धाकटी गाडी ढकलत बाजूला घेऊन उभी राहिली. मास्तर ओल्या पँटनिशी दुकानात परत आले, तेव्हा तिथे हवेसाठी माणसं थांबलेली होती. काय झालं हे सांगणं भाग होतं. "आमच्या वाघिणीचे प्रताप," मास्तर पँट झटकत म्हणाले. "हाडातच भीती. बाप कोण आणि पोर कोण, काही ताळमेळ नाही." लोक भिंतीवरच्या टायरकडे बघून चुकचुकले. धाकटी आत ट्यूब घासत होती. तिला सगळं ऐकू जात होतं, आणि जावं म्हणूनच ते बोललेलं होतं.

बायकोने संध्याकाळी पँट दोरीवर वाळत घालता घालता विचारलं, "अहो, भीती तिला वाटते की तुम्हाला?"

"तुला त्यातलं काय कळतंय?"

"मला पाणी कुणाच्या अंगावर सांडलं ते कळतंय," ती म्हणाली आणि चिमटे लावत राहिली.

आणखी दोनदा हाच प्रकार झाला. परीक्षेला चार दिवस उरले तेव्हा धाकटीने जेवताना सांगून टाकलं, "मी जात नाही. एकटी असले की जमतं, बाबा. मागे माणूस बसला की गाडी माझं ऐकत नाही. आणि परीक्षेत माणूस मागेच असणार. चारचौघांत पेला सांडून घ्यायला मी कशाला जाऊ?"

इथे मास्तरांना एकच वाक्य बोलायचं होतं. तू नाहीस गं, मी. दांडा मी धरतो, उलटा मी बसतो. एवढं बोलायला अर्ध्या घोटाएवढाही वेळ लागला नसता. मास्तरांनी पाण्याचा पेला उचलला, पूर्ण रिकामा केला, आणि म्हणाले, "तुझी मर्जी. नाव काढून घ्यायला लाज वाटत असेल तर मी पेटीवाल्यांना निरोप देतो."

"निरोप मीच देईन," बायको म्हणाली. "आणि द्यायचा की नाही तेही मीच ठरवेन." तिने निरोप दिला नाही. धाकटीला फक्त म्हणाली, "सांडलं तर सांडलं. पाणीच आहे."

परीक्षेच्या आदल्या दुपारी धाकटी आईला डबा द्यायला इस्पितळात गेली होती. तिची गाडी दुकानात उभी होती. मास्तर हवा बघायला म्हणून मागच्या चाकापाशी बसले, आणि सवयीने अंगठा फिरवला.

अंगठा मधून कडेला गेला, कडेवरून परत आला. मग ते दुसऱ्या बाजूला जाऊन बसले. रबराचे केस शेवटच्या बोटापर्यंत निघून गेले होते. रस्त्याने एकाच दिशेने, बारीक, सारखं खाल्लेलं. डावी-उजवी बाजू तंतोतंत. त्यांनी चाक खोललं, टायर उतरवला, खिळ्यावरचा टायर खाली घेतला आणि दोन्ही शेजारी शेजारी मांडले. त्या जुन्या टायरला झिजायला वर्षं लागली होती, हिचा तीन आठवड्यांचा होता. पण हात तोच होता. दोघांच्यात फरक काढू शकेल असा एकच माणूस त्या पंचक्रोशीत होता आणि त्याला तो काढता येत नव्हता.

कोणत्याही बापाची छाती फुगली असती. मास्तरांचा जळफळाट झाला. सहा वर्षं जिच्या ठिगळाला नावं ठेवली, ती पोर रोज सकाळी गुपचूप उठून हे करत होती? उद्या पेटीवाले मागे बसतील, पोतं होऊन बसतील, पाणी हलणार नाही, आणि मग लोक विचारतील, मास्तर मागे होते तेव्हाच का सांडत होतं? हा हिशेब मास्तरांनी मनातल्या मनात फार पटकन केला. मग ते उठले, मागच्या फळीवरून नवा कोरा टायर काढला आणि तिच्या चाकावर चढवला. परीक्षेला नवा टायर बरा दिसतो, असं ते स्वतःशी म्हणाले. कुणीही बाप हेच करेल, असंही म्हणाले. साबणाची वडी हा शब्द त्यांनी आठवू दिला नाही. तिचा जुना टायर भंगाराच्या ढिगात खाली सारला आणि पेटीवाल्यांचा टायर पुन्हा खिळ्याला लावला.

धाकटी चार वाजता आली. गाडी बाहेर काढायला हँडल धरलं आणि थांबली. वाकून तिने मागच्या चाकावर अंगठा टेकवला. टायर तुकतुकीत होता, बोट सरकत होतं.

"माझा टायर कुठाय?"

"झिजला होता."

"किती?"

मास्तर हवेच्या नळीचं तोंड साफ करायला लागले. धाकटीने भंगाराचा ढीग उपसला, तळातून आपला टायर ओढून काढला आणि दारातल्या उजेडात नेऊन बघितला. बघायला तिला याच दुकानाने शिकवलं होतं. तिने मान वर करून खिळ्यावरच्या टायरकडे बघितलं, पुन्हा हातातल्याकडे. मग काही न बोलता ती दुकानाच्या मागे गेली. मास्तरांना गाडी स्टँडवरून पुढे ढकलल्याचा आवाज आला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा दुसऱ्या कुणाच्या हाताने त्यांच्या गाडीचं मागचं चाक भिंतीपासून सुटलं होतं.

ती परत आली तेव्हा तिचा अंगठा काळा झाला होता.

"चपटा आहे," ती म्हणाली. "मधे चार बोटं. कडेला केस तसेच आहेत."

मास्तरांनी हातातली नळी खाली ठेवली.

"मागे काहीतरी ओढतंय म्हणून मी सांगत होते. ते तुम्ही होतात."

"हो."

"आणि हा नवा टायर? नवा घसरतो हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं," मास्तर म्हणाले. आयुष्यात त्यांनी इतक्या हळू कधी उत्तर दिलं नव्हतं.

"मी पडावं असं वाटत होतं तुम्हाला?"

"पडावं असं नाही. पास होऊ नयेस असं." ते स्टुलावर बसले. "तू पास झालीस तर मी कोण, असं वाटलं. नालायकपणाच आहे तो. मला दुसरा शब्द नाही सापडत."

धाकटीलाही दुसरा सापडला नाही. ती रडली नाही, ओरडली नाही. टायर काढायच्या दोन लोखंडी पट्ट्या तिने फळीवरून घेतल्या आणि त्यांच्यासमोर जमिनीवर ठेवल्या. "जुना परत घाला. मी बघतेय." एरवी बारा मिनिटांत टायर बदलणाऱ्या मास्तरांना त्या दिवशी पाऊण तास लागला. दोनदा पट्टी सटकली. ती शेजारी उभी होती, आणि तिने एकदाही म्हटलं नाही की घरचंच आहे म्हणून चालतंय.

सकाळी वरच्या दवाखान्याच्या अंगणात चार उमेदवार होते आणि बघ्यांची ही गर्दी. घाटातल्या हौशी लोकांना कुठे काही सांडण्याची शक्यता असली की आपोआप कळतं. मास्तर दुकानाला कुलूप लावून तासभर आधी निघाले होते. चौदा वळणं त्यांनी चौदा पापं असल्यासारखी चढली, प्रत्येक वळणाला पाय खाली टेकत. मागून येणारी एक सायकल त्यांना मागे टाकून गेली. ते पोचले तेव्हा दोघांचे पेले सांडून झाले होते आणि धाकटी निघत होती. पेटीवाले मागे बसले, लहानखुरे, गप्प, कानाला रुमाल बांधलेला, पेटी मांडीवर. ते बसले आणि जणू नाहीतच.

ती गेल्यावर मास्तर उभे राहिले ते बसलेच नाहीत. त्यांना ती पास व्हायला हवी होती. आदल्या दिवशी जेवढी नको होती त्याच्या दुप्पट आता हवी होती, आणि आता त्यांच्या हवं असण्याला कोण विचारतंय?

बावीस मिनिटांनी खालच्या वळणावर आवाज आला. मग गाडी दिसली, एका बाजूला कललेली, तशीच उठून दुसऱ्या बाजूला कललेली, कुठे घाई नाही, कुठे झटका नाही. दोघं एकाच अंगाने वळत होती. धाकटीने अंगणात गाडी लावली. पेटीवाल्यांनी उतरून पेटी उघडली आणि पेला सगळ्यांना दिसेल असा वर धरला. पाणी रेघेच्या दोन बोटं वर होतं.

"मी कुठेच धरलं नाही," पेटीवाले म्हणाले. "दोन्ही हात पेटीवर होते. ही पोरगी उद्यापासून आली तरी चालेल."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. गर्दीत तो विमा कचेरीतला बाबूही होता. झालं गेलं विसरून तो पुढे आला. "मास्तर, म्हणजे तुम्हीच शिकवलंत ना? शेवटी भिंतीवरच्या टायरचं रक्त!"

धाकटी हेल्मेट हातात घेऊन उभी होती. तिने बापाकडे बघितलं आणि नजर काढून घेतली. तिची काही अपेक्षा दिसत नव्हती.

मास्तर आपल्या गाडीपाशी गेले. मागच्या सीटवर पोत्यात बांधलेलं काहीतरी होतं. त्यांनी दोरी सोडली, पोतं काढलं आणि खिळ्यावरचा टायर आणून पेटीवाल्यांच्या पायापाशी ठेवला.

"हा तुमचा," ते म्हणाले. सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, ते त्यांनी ठरवूनच आणलं होतं. "एकोणीस वर्षं माझ्या भिंतीवर होता. लोकांना तो माझा वाटायचा आणि मी वाटू दिला. मला वळणाची भीती वाटते. हिला मी काही शिकवलं नाही. मागे बसून हिचा पेला सांडत होतो, तेवढं केलं."

पेटीवाल्यांनी वाकून टायर बघितला, पायाने जरा फिरवला.

"माझा? असेल. मी तर टाकून दिला होता हा." त्यांना खरंच कळत नव्हतं. "झिजलेला टायर. ठेवून काय करायचं असतं त्याचं?"

मास्तर रिकाम्या पोत्याची घडी घालायला लागले.

बाबूने टायरकडे बघितलं, मास्तरांकडे बघितलं. "मास्तर," तो हळूच म्हणाला, "निदान धुऊन तरी आणायचा!"

हशा पिकला. हेडक्लार्क हसला, हरलेले उमेदवार हसले, आणि त्या सगळ्यांत एक हसू धाकटीचं होतं हे मास्तरांना न बघता कळलं. त्यांनी ते ऐकून घेतलं. इतकी वर्षं दुसऱ्यांना ऐकवलं होतं, तेव्हा ऐकणाऱ्याला कसं वाटतं याची चौकशी त्यांनी कधी केली नव्हती.

गर्दी पांगल्यावर धाकटीने गाडी सुरू केली. मास्तर जवळ येऊन उभे राहिले, तशी तिने मागच्या सीटवर हात ठेवला.

"मागे बसू नका, बाबा. तुम्ही बसलात की गाडी वळत नाही."

"नाही बसत."

"तुमच्या गाडीवर माझ्या मागून या. हळू जाते. रस्त्याकडे बघू नका, माझ्या पाठीकडे बघा. मी झुकले की तुम्ही झुका, उठले की उठा. पाय टेकायचा नाही."

पेटीवाल्यांचा टायर दवाखान्याच्या भिंतीशी पडून राहिला. तो कोणालाच नको होता.

दुसऱ्या दिवशी धाकटी पेटी घेऊन कामाला गेली आणि मास्तर एकटेच दुकानावर आले. कुलूप काढायच्या आधी ते दुकानामागे जाऊन स्वतःच्या चाकापाशी उकिडवे बसले. मधला चपटा पट्टा होता तस्साच होता. पण चौदांपैकी एखाददुसऱ्या वळणात गाडी थोडी कलली असावी. पट्ट्याच्या डाव्या बाजूला, नखाच्या रुंदीएवढी, नवी खरखर उमटली होती. छप्पन्नाव्या वर्षी, नखभर! दुसऱ्या कोणाचा असा टायर हाती लागला असता तर मास्तरांनी त्याला संध्याकाळपर्यंत सोडला नसता. त्यांनी त्या खरखरीवरून अंगठा फिरवला. मग गाडी ढकलत पुढे आणली आणि दुकानाच्या दारात, मागचं चाक रस्त्याकडे करून, उभी केली.